चाल आणि चौकट : नोबुओ उएमात्सु यांचे संगीत

१

जे संगीत दुसऱ्या कशाच्या तरी सेवेला लागते, त्याच्याविषयी रसिकांच्या मनात एक अढी असते. देवळातील आरती, लग्नातील सनई-चौघडा, नाटकातील पद, चित्रपटातील गाणे या सर्वांना आपापल्या काळी उंबऱ्यापाशी थांबवून त्यांची जात विचारण्यात आली. संगीत म्हणजे स्वतःसाठी असणारे संगीत, बाकीचे सारे कामापुरते, अशी ही समजूत आहे. तिच्यात तथ्यांश नाही असे नाही. पण ती पुरती खरी असती तर मराठी माणसाच्या संगीतजीवनातील एक मोठे दालन रिकामेच राहिले असते.

१८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील पदे कथानकाच्या ओघात पात्रांच्या तोंडी घातलेली होती. पुढे १९११ साली 'मानापमान'च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी व १९१६ साली 'स्वयंवर'च्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि ही पदे नाट्यगृहाच्या भिंती ओलांडून मैफलीत येऊन बसली. नाटक कंपन्यांचे मुक्काम बेळगाव, इंदूर, बडोदे या ठिकाणी पडत. त्या मुक्कामांची आठवण आपल्यापैकी अनेक घरांतून आजी-आजोबांच्या तोंडून पुढच्या पिढीला मिळाली आहे. आज ते पद ऐकताना नाटकातील प्रसंग कोणता होता हे श्रोत्याला ठाऊक असतेच असे नाही, आणि ठाऊक नसल्याने त्याचे फारसे अडतही नाही. चाल आपल्या बळावर उभी राहिली आहे.

गेल्या चार दशकांत असेच एक उपयोजित संगीत उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले आहे. ते म्हणजे व्हिडिओ गेमचे संगीत. आपल्या घरांतील तरुण मुले ते कानाला यंत्र लावून ऐकतात, पेटीवर किंवा गिटारवर वाजवू पाहतात. आणि वडीलधारी मंडळी 'खेळातला आवाज' म्हणून ते सोडून देतात. या संगीताचा गंभीरपणे विचार करायचा झाला, तर ज्या रचनाकारापासून आरंभ करावा असे आम्हांस वाटते, ते म्हणजे जपानचे नोबुओ उएमात्सु. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना आम्ही दोन प्रश्न समोर ठेवले आहेत. खेळ बाजूला काढला तर या संगीतात काय उरते, हा पहिला. आणि खेळ बाजूला काढणे मुळात न्याय्य आहे काय, हा दुसरा.

२

उएमात्सु यांचा जन्म २१ मार्च १९५९ रोजी शिकोकू बेटावरील कोची येथे झाला. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. पिआनोकडे ते बालपण सरताना वळले आणि पुढे जे शिकले ते आपले आपण, ऐकून आणि वाजवून. त्या वयात त्यांच्यापुढे आदर्श होता तो इंग्लंडच्या एल्टन जॉनचा. याशिवाय सत्तरच्या दशकातील प्रयोगशील रॉक संगीताचा, म्हणजे लांबलचक रचना, ऑर्गनचे दाट सूर आणि मध्येच बदलणारा ताल यांचा मोठा संस्कार त्यांच्यावर झाला. कानागावा विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ते टोकियोत ध्वनिमुद्रिका भाड्याने देणाऱ्या एका दुकानात काम करीत असत. तेथे 'स्क्वेअर' नावाच्या नव्या कंपनीतील ओळखीतून त्यांना खेळांसाठी संगीत करण्याविषयी विचारणा झाली, आणि १९८६ साली ते त्या कंपनीत दाखल झाले. हा आपला जन्माचा व्यवसाय होईल अशी त्यांची तेव्हा कल्पना नव्हती.

या क्षेत्राला तोवर आकार येऊ लागला होता. १९८५ साली कोजी कोंदो यांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स'ला दिलेली चाल जपानमधील मुलांच्या तोंडी बसली होती. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाला कोइची सुगियामा यांनी संगीत दिले. सुगियामा हे दूरचित्रवाणीच्या जगातून आलेले आणि लोकप्रिय गीतांचे नावाजलेले रचनाकार होते. आपले संगीत वाद्यवृंदाने वाजवावे असा त्यांचा आरंभापासून आग्रह होता. उएमात्सु यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. नाव नाही, पदविका नाही. होती ती चाल सुचण्याची शक्ती आणि हिरोनोबू साकागुची यांच्यासारखा सहकारी. साकागुचींनी कल्पिलेला 'फायनल फॅन्टसी' हा खेळ १८ डिसेंबर १९८७ रोजी बाजारात आला आणि त्याच्याबरोबर उएमात्सु यांचे नाव कायमचे जोडले गेले.

३

ज्या यंत्रासाठी हे पहिले संगीत रचले गेले, त्याची मर्यादा समजून घेतल्याखेरीज त्याचे मोल कळणार नाही. निन्तेन्दो कंपनीचे 'फॅमिकॉम' हे यंत्र १९८३ साली निघाले. त्याच्या ध्वनिचिपमध्ये सूर काढणाऱ्या वाहिन्या तीनच होत्या. दोन वाहिन्या धारदार, पिपाणीसारख्या नादाच्या. तिसरी मऊ, साधारणतः खर्जाच्या कामाची, आणि तिचा आवाज लहानमोठा करण्याची सोयही नव्हती. चौथी वाहिनी केवळ खरखर करी. तिच्यातूनच ताल उभा करायचा. पाचवी एक वाहिनी मुद्रित ध्वनीसाठी होती, पण तिला जागा फार लागे. संपूर्ण खेळ, म्हणजे चित्रे, कथा, नियम आणि संगीत हे सगळे मिळून, २५६ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचे होते. संगीताच्या वाट्याला त्यातला एक कोपरा येई.

या अडचणीतून दोन गोष्टी अपरिहार्य झाल्या. पहिली अशी की, एका वेळी तीनच सूर वाजणार असतील तर स्वरांची दाटी करून चाल झाकता येत नाही. दुसरी अशी की, रचना लहान ठेवून ती पुन्हा पुन्हा वाजवावी लागते. खेळणारा माणूस एखाद्या गुहेत अर्धा तास वाट शोधत राहिला, तर एखाद्या मिनिटाची चाल तो तीस वेळा ऐकतो. तिसाव्या वेळीही ती नकोशी होऊ नये, ही या रचनाकाराची खरी कसोटी. आपल्याकडे प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येते आणि दर वेळी ते हवेसे वाटते, याचे कारण त्याच्या शेवटातच पुन्हा आरंभाकडे नेणारा उतार असतो. उएमात्सु यांच्या आरंभीच्या रचनांत हा उतार फार जाणतेपणाने घडविलेला आढळतो.

'प्रिल्यूड' या नावाने ओळखली जाणारी त्यांची रचना याचे उत्तम उदाहरण होय. खेळ जवळजवळ पुरा होत आला असताना ती घाईने केली गेली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर सा, रे, ग, प हे चार स्वर एकामागून एक येतात, तेच वरच्या सप्तकात, मग त्याच्याही वरच्या सप्तकात चढत जातात आणि त्याच वाटेने उतरतात. त्यानंतर ध, नी, सा, ग हा चौकडा तसाच चढतो व उतरतो. आधार बदलतो, तसा पहिल्या चौकडीचा उजेड किंचित मावळतो. एवढेच. तीत रूढ अर्थाने चालही नाही. स्वरांची एक शिडी आहे. पण ती ऐकताना पाण्यावर प्रकाश हलावा तसे काही जाणवत राहते. १९९१ सालच्या चौथ्या खेळात याच शिडीवर उएमात्सु यांनी एक संथ चाल ठेवली आणि मूळ स्वरावली तिच्या मागे तंबोऱ्यासारखी वाजत राहिली. त्यानंतर हीच रचना मालिकेच्या निरनिराळ्या खेळांतून कधी जशीच्या तशी, कधी नव्या वेषात येत राहिली.

संगीत आणि खेळ यांचा सांधा जुळविण्याची त्यांची दृष्टीही पहिल्याच खेळात दिसते. त्यात पहिली कामगिरी फत्ते झाल्यावर राजा एक पूल बांधवून देतो, आणि खेळणारा तो पूल ओलांडतो तेव्हा कुठे खेळाचे नाव व त्याची मुख्य धून समोर येते. नांदी पहिल्या प्रवेशानंतर व्हावी तसा हा प्रकार आहे. तोवर जे झाले ती केवळ तयारी होती, हे खेळणाऱ्याला शब्दांवाचून कळते. हे सांगण्याचे काम त्या धुनेकडे आहे, आणि ती ते चोख बजावते.

४

१९९० साली जपानमध्ये आलेल्या 'सुपर फॅमिकॉम' या यंत्रात आठ वाहिन्या होत्या आणि खऱ्या वाद्यांच्या ध्वनींचे छोटे नमुने त्यात साठविता येत. साठवणीला जागा मात्र ६४ किलोबाइट. म्हणजे चौकट रुंदावली, नाहीशी झाली नाही. आमच्या मते उएमात्सु यांच्या प्रतिभेला सर्वांत मानवलेली चौकट हीच. १९९४ साली निघालेला सहावा 'फायनल फॅन्टसी' हा तिचा कळस होय.

या खेळात एक संपूर्ण ऑपेराप्रवेश आहे. सेलेस नावाची एक माजी सेनानी स्त्री प्रसिद्ध गायिका मारियासारखी दिसते, म्हणून काही कारणास्तव तिला मारियाच्या जागी रंगमंचावर उभे राहावे लागते. तिचे गाणे खेळणाऱ्याला आधी वाचून ध्यानात ठेवावे लागते आणि प्रयोगात पुढची ओळ कोणती ते निवडावे लागते. ओळ चुकली तर प्रयोग फसतो. गंमत अशी की, यंत्राला गाता येत नव्हते. उएमात्सु यांनी मानवी कंठाचा भास देणारा एक नाद घेतला, चाल त्याच्या स्वाधीन केली, आणि शब्द पडद्यावर अक्षरांत उमटत राहिले. नाद एकीकडे, शब्द दुसरीकडे. त्यांची सांगड घालून गाणे पुरे करायचे ते ऐकणाऱ्याने आपल्या मनात.

कोणी म्हणेल, ही तर यंत्राची उणीव. तशी ती होतीच. पण उणीव झाकण्याऐवजी रचनाकाराने ती श्रोत्याच्या हाती दिली. सेलेस गायिका नाही, ती गायिकेची जागा घेते आहे. यंत्रातील तो नादही कंठ नाही, तोही कंठाची जागा घेतो आहे. दोघांनाही उसन्या अवसानाने उभे राहायचे आहे आणि खेळणाऱ्याने त्यांना सांभाळून घ्यायचे आहे. म्हणूनच हा प्रवेश ज्यांनी लहानपणी अनुभवला, त्यांना तो आपण स्वतः गायल्यासारखा आठवतो. त्याच वर्षी या खेळाच्या संगीताची एक मुद्रिका मिलानच्या वादकांकडून करून घेण्यात आली आणि त्यात हे गीत इटालियन भाषेत खऱ्या गायिकेने म्हटले. गाणे सुरेख उतरले आहे, यात शंका नाही. परंतु ते ऐकताना मनाला करण्यासारखे काही उरत नाही, हेही तितकेच खरे.

५

१९९७ साली सातवा खेळ 'प्लेस्टेशन' या यंत्रावर आला. खेळ आता तबकड्यांवर होता. मुद्रित संगीत सरळ वाजविता आले असते. पण ते तबकडीवरून वाचण्यात वेळ जाऊन खेळ अडखळेल म्हणून उएमात्सु यांनी बव्हंशी यंत्राच्या स्वतःच्या ध्वनिचिपवरच रचना केल्या. जगभर ज्या प्रसंगाने हा खेळ लक्षात राहिला, तो एरिथ या तरुणीच्या मृत्यूचा. खेळणाऱ्याने तासन्‌तास जिला सोबत घेऊन प्रवास केला, ती अकस्मात मारली जाते, आणि तिची धून सुरू होते. पिआनोसारख्या नादात, सावकाश, एकेक स्वर मोजून ठेवल्यासारखी.

पुढे जे घडते ते महत्त्वाचे. मृत्यूच्या पाठोपाठ युद्ध सुरू होते. या खेळात युद्धाचे संगीत ठरलेले असते, जोरकस आणि वेगवान; खेळणाऱ्याच्या कानांना तीच सवय झालेली असते. येथे ते वाजतच नाही. एरिथची धून तशीच चालू राहते आणि तिच्यावरच युद्ध होते. खेळाच्या नियमाने लढणे भाग आहे, मनाने लढण्याची इच्छा नाही, हा ताण केवळ संगीत न बदलल्यामुळे निर्माण होतो. आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. खेळ पूर्णपणे बाजूला काढला तर एक हळवी, सुघड चाल हाती लागेल. तिच्यामागचा हा निर्णय हाती लागणार नाही. नाट्यपदाची चाल मैफलीत टिकते, पण ते पद त्याच जागी का आले याचे शहाणपण नाटकातच राहते. टीकाकाराने दोन्हींचा हिशेब ठेवला पाहिजे.

याच खेळाच्या शेवटी येणारी 'वन-विंग्ड एंजल' ही रचना मात्र आम्हांस निराळ्या कारणाने विचारात घ्यावीशी वाटते. स्त्राविन्स्कीचे 'राइट ऑफ स्प्रिंग' आणि जिमी हेंड्रिक्सची गिटार या दोन टोकांचा मेळ घालण्याची इच्छा तिच्यामागे होती. सुचलेले सुटे तुकडे नोंदवून ठेवायचे आणि मग त्यांची क्रमवारी लावायची, अशा रीतीने ती जुळविली गेली, असे उएमात्सु यांनी सांगितले आहे. तिच्यात लॅटिन भाषेतील समूहगान आहे आणि त्याचे शब्द बरेचसे 'कार्मिना बुराना'मधून घेतलेले आहेत. मैफलीत सर्वांत जास्त टाळ्या तिलाच पडतात. पण तिचे सांधे दिसतात. एका तुकड्यातून दुसरा उगवत नाही, तो शेजारी येऊन बसतो. दरारा आहे, वाढ नाही. जी रचना त्यांची सर्वांत प्रसिद्ध, ती त्यांची सर्वोत्तम नव्हे, असे आमचे मत आहे.

६

यानंतर चौकट झपाट्याने गळून पडली. १९९९ सालच्या आठव्या खेळासाठी फेय वाँग या गायिकेने गीत गायिले आणि त्याची मुद्रिका जपानमध्ये अमाप खपली. २००१ सालच्या दहाव्या खेळासाठी आमामी बेटावरील लोकगीतांच्या परंपरेतील गायिका रिक्की हिचा आवाज घेतला गेला. मुख्य मालिकेत उएमात्सु यांनी इतर रचनाकारांबरोबर काम वाटून घेतले, तेही प्रथम याच खेळात. २००४ साली त्यांनी नोकरी सोडून स्वतःची लहानशी संस्था काढली. पुढे साकागुचींच्याच 'ब्लू ड्रॅगन' (२००६) व 'लॉस्ट ओडिसी' (२००७) या खेळांना त्यांनी संगीत दिले. 'द ब्लॅक मेजेस' या आपल्या रॉक वाद्यमेळात ते २०१० पर्यंत की-बोर्ड वाजवीत असत.

वाद्यवृंदाच्या मैफलींचा काळही हाच. २००४ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने सभागृहात, आणि डिसेंबर २००७ पासून स्टॉकहोम येथे आरंभ झालेल्या 'डिस्टंट वर्ल्ड्स' या मैफलींच्या मालेत, हे संगीत पूर्ण वाद्यवृंदाने वाजविले. २०१२ साली ब्रिटनमधील 'क्लासिक एफएम' या नभोवाणी केंद्राच्या श्रोत्यांनी आपल्या आवडत्या रचनांत एरिथच्या धुनेला १६ वा क्रमांक दिला. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंचे संचलन झाले, ते सुगियामा, उएमात्सु आदींच्या खेळांतील धुनांवर. उंबरा ओलांडला गेला होता.

येथे दोन आक्षेपांची दखल घेणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, वाद्यवृंदासाठीचे स्वरलेखन बहुधा उएमात्सु यांचे नव्हे. शिरो हामागुची यांच्यासारख्या जाणकारांनी ते केले. ही वस्तुस्थिती आहे. परंतु आपल्या परंपरेला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'चाल लावणे' ही स्वतंत्र कला मानली गेली आहे, आणि चालीचा विस्तार ज्याच्या त्याच्या गळ्यावर व हातावर सोपविला गेला आहे. उएमात्सु हे या अर्थाने चाल लावणारे आहेत. स्वरमेळाची गुंतागुंत, एका कल्पनेतून दुसरी वाढविण्याची दीर्घ शिस्त हे त्यांचे बलस्थान नाही, आणि तसा दावा त्यांच्या चाहत्यांनी करू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या मैफलींना जमणारा श्रोता संगीत ऐकतो की आपले बालपण आठवतो? सभागृहात पहिले चार स्वर उमटताच डोळे पाणावतात, ते स्वरांमुळे की स्मृतीमुळे? आमचे उत्तर असे की, स्मृतीचा वाटा मोठा आहेच. पण स्मृती कोणत्याही आवाजाला चिकटत नाही. त्याच काळात शेकडो खेळ निघाले आणि त्यांच्या धुना त्यांच्याबरोबर गेल्या. टिकले ते थोडे. ज्या चाली तीन पिपाण्यांवर वाजल्या, पिआनोवर वाजल्या, समूहस्वरात गायिल्या गेल्या आणि तरीही ओळखू आल्या, त्यांच्यात स्मृतीला धरून ठेवणारे काहीतरी मुळातच असले पाहिजे. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी आहे. शंभर वादकांच्या मैफलीत एखादी रचना भव्य वाटली, तर घरी येऊन ती एका बोटाने पेटीवर वाजवून पाहावी. 'प्रिल्यूड' त्या कसोटीला उतरते, एरिथची धून उतरते, सेलेसचे गीत उतरते. 'वन-विंग्ड एंजल' उतरत नाही.

७

२०१८ साली प्रकृतीच्या कारणास्तव उएमात्सु यांनी काही काळ काम थांबविले आणि पुढच्या वर्षी ते परतले. २०२१ साली साकागुचींच्याच 'फॅन्टेझियन' या खेळाचे सर्व संगीत त्यांनी रचले. एखाद्या मोठ्या खेळाची सगळी जबाबदारी घेण्याचे हे आपले बहुधा शेवटचे काम, असे त्यांनी सूचित केले. त्यानंतरही, सातव्या खेळाच्या नव्या आवृत्तीसाठी २०२४ साली त्यांनी एक गीत दिलेच. तबकड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या, गुरूविना शिकलेल्या एका माणसाची ही सुमारे चार दशकांची वाटचाल आहे.

तिच्यातून आम्हांस जो निष्कर्ष काढावासा वाटतो, तो असा. चौकट प्रतिभा निर्माण करीत नाही. त्याच तीन वाहिन्या सर्वांनाच मिळाल्या होत्या. पण चौकट खोटेपणाला जागा देत नाही. जिथे आवाजाचा थाट शक्य नाही, दीर्घ विस्तार शक्य नाही आणि तेच तेच पुन्हा वाजणार हे निश्चित आहे, तिथे चाल खरी असेल तरच तरते. उएमात्सु यांचे उत्तम काम त्या सक्तीतून उभे राहिले, आणि सक्ती संपल्यावर त्यांनी केलेल्या कामात मोठेपणा आहे तो बहुधा जिथे त्यांनी ती आपणहून पत्करली तिथे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी पुढच्या खोलीतून या धुना ऐकू येत असतील. त्या कोणत्या यंत्रातून येतात हे पाहण्याआधी त्या कानाने पारखाव्यात, एवढीच आमची सूचना आहे. बाहेरप्रांती राहून ज्या घरांनी नाट्यपदे जतन केली, त्या घरांतील कानांना चालीची परीक्षा नवी नाही. तीच परीक्षा येथे लावावी. उतरेल ते ठेवावे, न उतरेल ते सोडून द्यावे. आणि एखादी धून उतरली, तर ती वाजविणाऱ्या नातवंडाला तिचे स्वर सरगमीत म्हणून दाखवावेत. सा, रे, ग, प पासून आरंभ करता येईल.